हिरव्या रेघेवरून

वरून पाहिलं तर ही जमीन
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी.
उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे
दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद,
त्याहून लहान पाणी
त्याच्या हिशेबात पाणीच नाही.
म्हणून आम्ही चालतो.

नेव्हाडाच्या उत्तर टोकाला
ब्रोकन सॅडल नावाच्या ओढ्याच्या काठानं.
खोगीर कुणाचं तुटलं, कुणालाच आठवत नाही.
लोरीन चौकट टाकते, मी लिहिते.
दोन पावलं. चौकट.
"लव्हाळा, लव्हाळा, उघडी माती, एक खूर."
दोन पावलं. चौकट.
"वाळुंजाचं रोप, कोवळं, शेंडा कुरतडलेला."
कुरतडला कुणी, गाईनं की हरणानं?
रकान्यात दोघांना जागा आहे,
शंकेला नाही.

पाण्याला लागून जी पहिली हिरवी रेघ
तीच आमची वाट.
कुठं हातभर, कुठं बोटभर,
आणि कुठं काठच ढासळलेला,
तिथं मातीचं एक ढेकूळ
मुळांनी धरून ठेवलेलं
ओढ्यात गुडघाभर उभं.

दुपारी आर्नो बिदार्ट आला,
ट्रकमधून न उतरताच म्हणाला,
"माझ्या गाई पाणी पितात. तुमचे कागद नाही."
हे गायरान सरकारचं, म्हणजे सगळ्यांचं,
म्हणजे त्याच्या मते
चार पिढ्या इथलं कुंपण दुरुस्त करणाऱ्याचं.
लोरीन काही बोलली नाही.
तिच्या आजीचे लोक या ओढ्यावर उतरायचे
तारेचं पहिलं भेंडोळं इथं येण्याआधी.
ती गवतावर पट्टी धरून बसली होती.
"चार इंच," ती मला म्हणाली. "हवं होतं सहा."

आर्नोनं इंजिन बंद केलं.
"ऑगस्टमध्ये हलवतो गाई."
बराच वेळ कुणी बोललं नाही.
"बरं, जुलैच्या शेवटी."
आणि मग, जणू दुसरंच काही विचारायला आला होता,
"तो वरचा उमाळा घेतलात का नकाशावर?"

आम्ही एकमेकींकडं पाहिलं.
कुठला उमाळा?

तो पुढं, दुखरं कंबरडं सांभाळत,
आम्ही मागं.
काळ्या खडकांच्या आड
ताटाएवढं पाणी.
तळाशी वाळूचे कण उसळत होते,
भात शिजताना उसळतो तसे,
पण गार.
कडेच्या दगडांवर गोगलगायी, मोहरीएवढ्या.
मी गिरमिट फिरवलं:
राखाडी माती, तिच्यात गंजाचे ठिपके,
नासलेल्या अंड्यांचा वास.
इतक्या घाणेरड्या वासानं
मला क्वचितच इतका आनंद झालाय.

आर्नोचे आजोबा मेंढ्या घेऊन इथं थांबायचे.
ऍस्पनच्या सालीवर त्यांनी नाव कोरलं होतं,
बायकोचं नव्हे, समुद्रापलीकडच्या गावाचं.
"झाड पडलं," आर्नो म्हणाला,
आणि वाकून ओंजळभर पाणी प्यायला.

फॉर्मवर पहिला रकाना: पाणथळाचं नाव.
आर्नोकडे एक होतं, शिवीसारखं, मजेशीर.
लोरीनकडेही होतं.
"सांग ना."
"ते कागदासाठी ठेवलेलं नाही."
मी लिहिलं, अनाम.
मग खोडलं. ते खोटं झालं असतं.
रकाना मोकळा ठेवला,
आणि खाली शेऱ्यात दोनच शब्द:
नाव आहे.

परतताना लोखंडी खुंटीपाशी थांबलो,
दर काही वर्षांनी इथूनच एक फोटो घेतात.
माझ्या हातात त्यातला सगळ्यात जुना:
तडकलेला काठ, एकही झुडूप नाही,
खालच्या कोपऱ्यात हॅट घातलेल्या कुणाची तरी सावली.
आज तिथं वाळुंज माझ्या खांद्याला लागतं,
पलीकडच्या काठावर अजून काही नाही.
सूचनापत्रात लिहिलंय, सावली टाळा.
मी डावीकडं सरकले, चौकट चुकली.
उजवीकडं सरकले, पुन्हा चुकली.
शेवटी खुंटीपाशीच उभी राहिले,
त्या हॅटवाल्याच्या जागी.

वेळ पाच चाळीस.
ढग नाहीत.
वारा, असला तर, ओढ्याकडून.